मानेवरचे दोन मणी

[दृश्य: नागपूर, इतवारी, सराफा ओळ. आईच्या मांडीवर तान्हं बाळ, समोर सोनार.]

निवेदन:
सराफा ओळीत बाळाच्या आधी त्याची आजी रडते. सोनार कानाच्या पाळीवर शाईचा ठिपका देतो, दोन्ही ठिपके एका रेषेत आलेत का ते मान तिरपी करून बघतो, आणि सोन्याची बारीक तार आरपार. टोक वळवलं की काम झालं. बाळ भोकांड पसरतं तोवर आईने त्याला पदराखाली घेतलेलं असतं.

यातला ‘आरपार’ हा शब्द महत्त्वाचा. पाळीला पुढची बाजू आहे, मागची बाजू आहे. तार इकडून शिरते, तिकडून निघते, आणि सहा-आठ आठवड्यांत छिद्राच्या आतून नवी कातडी धरते. चमकी, बुगडी, भिकबाळी, सगळ्यांचं तसंच. कूर्चेला वेळ जास्त लागतो, एवढाच फरक.

आता हात मानेमागे न्या. केस संपतात तिथे. इथे आरपार कुठे जाणार?

[दृश्य: मानेचा क्लोजअप. केसांच्या रेषेखाली दोन फिकट ठिपके.]

निवेदन:
याला सरफेस पियर्सिंग म्हणतात. कातडीच्या एकाच सपाट भागावर दोन छिद्रं, मधला बार, म्हणजे धातूची बारीक दांडी, कातडीखाली, वर दिसतात फक्त दोन मणी. मानेवर करतात, गळ्याच्या हाडाखाली करतात, कमरेवर करतात. माझ्या मानेवर ते आठ महिने होतं.

जानेवारीत केलं. धरमपेठेत, एका टॅटूच्या दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण पोरगा मन लावून काम करणारा होता. सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, हातमोजे दोनदा बदलले, बाकीची हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढलेली होती. पेनाने खुणा केल्या आणि मला म्हणाला, मान खाली घाला, वर करा, डावीकडे बघा. उभं राहिल्यावर खुणा वाकड्या झाल्या, तर पुसून पुन्हा काढल्या. मग कातडी चिमट्यात धरली.

सुई शिरताना जेवढं दुखतं त्याहून बाहेर येताना जास्त दुखतं. दुसऱ्या टोकाला कातडी आतून तंबूसारखी उचलली जाते, ताणते, आणि मग ‘टक्’. तो आवाज बाहेर कुणाला ऐकू येत नाही. मला आला. सुईमागोमाग बार सरकला, मणी फिरवून बसवले. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत.

चूक झाली ती दागिन्यात. भुवईत घालतात तसा वाकडा बार त्याने माझ्या मानेत घातला. कातडी चिमट्यात असते तोवर तो छान बसतो. चिमटा सोडला की कातडीला सपाट व्हायचं असतं, आणि बारला वाकडंच राहायचं असतं. त्याच क्षणापासून दोघांची ओढाताण सुरू. हे मला कळलं सप्टेंबरात.

[दृश्य: घर. आजी पाटावर, समोर हळदीची वाटी.]

निवेदन:
आजीने पहिल्या संध्याकाळीच पाहिलं. “काऊन वं, कानाले जागा नव्हती का?” म्हणाली, आणि हळद-खोबरेल घेऊन आली. तिच्या आणि माझ्याही कानांना तेच लागलं होतं. पण इथे बोगदा लांब. तेलाचा थर छिद्राची तोंडं बुजवतो आणि हळदीचे कण आत अडकतात. “रोज फिरवत जा, नाहीतर चिकटते” हा तिचा दुसरा सल्ला. तोही मोडावा लागला, कारण फिरवलं की आत धरत आलेली कोवळी कातडी फाटते, वर सुकलेली खपली आत ओढली जाते.

करायचं ते इतकं कमी असतं की विश्वास बसत नाही. निर्जंतुक सलाइन, ०.९ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा. खपली भिजली की गॉजने अलगद टिपायची. कापूस नको, त्याचे धागे मण्याला गुंडाळतात. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ती नव्या पेशीही जाळतात. सुरुवातीला फिकट पिवळसर लस येते, ती वाळून खपली होते, तो पू नव्हे. हिरवट, घट्ट, वास मारणारा स्राव, वाढत जाणारी लाली, कातडीला चटका, अंगात ताप, असं काही दिसलं तर डॉक्टर. आणि तेव्हा घाबरून दागिना स्वतःच उपसायचा नाही, छिद्रं मिटली तर पू आतच कोंडतो.

यात राहिलं ते हात न लावणं. तीन महिने नीट निभावलं.

[दृश्य: बर्डीचा सिग्नल, भर दुपार. स्कूटीवर तोंड बांधलेल्या मुली.]

निवेदन:
मग मे आला. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की मुलींचे चेहरे गायब होतात. दुपट्टा डोक्यावरून, नाकावरून, पुन्हा मागे, उघडे राहतात ते डोळे, त्यांच्यावर गॉगल. बाहेरगावच्या पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला लू लागत नाही. आता बघा, त्या दुपट्ट्याची गाठ कुठे बसते? बरोबर मानेवर. केसांच्या रेषेखाली. वरून हेल्मेट. हेल्मेटखाली घामाची धार.

रोज दोनदा गाठ बांधत होते, दोनदा सोडत होते. एकदा सुताचा धागा मण्यात अडकला आणि लक्षात न येता मी दुपट्टा ओढला. डोळ्यांसमोर काजवे, आणि डाव्या छिद्राशी आठवड्याभरात मुगाएवढा लाल, ओलसर दाणा. आई म्हणाली, केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा वण. केलॉइड नव्हता तो. केलॉइड टणक असतो, जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो. हा मऊ होता, धक्का लागला की रक्त येई, आणि दुपट्टा समोरून बांधायला लागल्यावर महिन्या-दीड महिन्यात बसला. मात्र घरात कुणाच्या छातीवर-खांद्यावर खरे केलॉइड असतील, तर मानेवर सुई घेण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून यावं.

[दृश्य: महाल-इतवारीतली गर्दी, मारबतीची मिरवणूक. गलका.]

निवेदन:
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. पिवळी आणि काळी, दोन मोठे पुतळे. दोघी समोरासमोर येतात तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आख्खं शहर आपली रोगराई वेशीबाहेर काढतं. मी गर्दीत होते, मैत्रीण मागे. ती कानाशी ओरडली, “अगं, तुझा तो बार दिसून राह्यला.”

शरीरही मारबत काढतं. परकी वस्तू आत पचत नाही म्हटलं की ते तिला मुंगीच्या पावलाने वर ढकलत राहतं. मण्यांमधलं अंतर बदलतं, छिद्रं लांबोळी होतात, बारवरची कातडी पातळ, चकचकीत, मग पापुद्र्यासारखी. खालून धातूची सावली दिसू लागते. वरची कातडी अशी पातळ होऊ लागली की बार काढून टाकायचा. थांबलं तर तो कातडी चिरूनच बाहेर पडतो, आणि वण लांब राहतो.

[दृश्य: सदरमधलं दुसरं दुकान. ट्रेवर दोन बार, शेजारी शेजारी.]

निवेदन:
सदरमध्ये एक ताई हे काम करतात. त्यांनी एका मिनिटात माझा बार काढला, ट्रेवर ठेवला आणि बाजूला स्वतःकडचा ठेवला. स्टेपलरची पिन आठवा. मधला भाग सपाट, दोन्ही पाय काटकोनात वर, पायांवर मणी किंवा चपटी टिकली. सपाट भाग कातडीखाली सपाटच पडून राहतो, पाय सरळ बाहेर येतात, कुठे दाब नाही. धातू टायटॅनियम, एएसटीएम एफ-१३६ दर्जाचं, हाडाच्या ऑपरेशनमध्ये वापरतात त्या जातीचं. माझा बार साध्या स्टीलचा. त्यातलं निकेल कित्येकांना खाज आणतं.

“हा घातला तर कायमचा राहील?” मी विचारलं.

ताई खोटं बोलल्या नाहीत. योग्य खोलीवर बसला तर भरायला सहा महिने ते वर्ष, नंतर काही वर्षं टिकू शकतो. पण उथळ गेला तर वर येतो, फार खोल गेला तर मणी आत रुततात. आणि सगळं नीट होऊनही एखादीची कातडी नाहीच म्हणते.

मग त्यांनी माझ्या मानेची कातडी दोन बोटांत उचलून पाहिली. वणाच्या जागी ती उचलली जाईना. आज नाही करणार, म्हणाल्या. रोज जरा मालिश कर, मऊ होऊ दे. सहा महिन्यांनी ये.

[दृश्य: आजीची पितळी डबी. आत जुनी बुगडी, तुटकी चमकी, वाकडा बार.]

निवेदन:
बार आजीने मागून घेतला. तळहातावर तोलला. “सोनं नोहे?” नाही. “चांदी?” नाही. “मंग येवढं कायले जपलं?” म्हणत डबीत टाकला. मालिश मात्र तीच करते, खोबरेलाने. आता चालतं. जखम बंद झाली आहे.

सप्टेंबरपासून सहा महिने म्हणजे मार्च. मोबाइलमध्ये तारीख टाकताना लक्षात आलं, मार्चनंतर पुन्हा दुपट्टा. ताईंना फोन लावला. त्या हसल्या.

“मग दिवाळी होऊन जाऊ दे,” म्हणाल्या. “पुढची.”