एका दिवाणी वकिलाचं राजकारण

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'चेल्वनायकम : जीवन आणि संघराज्याचा युक्तिवाद'. जीवन दहा मिनिटांत उरकतो, त्यात नाट्य फारसं नाही. उरलेला सगळा वेळ युक्तिवादाला.

सॅम्युएल जेम्स वेलुपिळ्ळै चेल्वनायकम, श्रीलंकेतल्या तमिळांचे नेते. जन्म 31 मार्च 1898, मलायातल्या इपोह गावी. बालपण श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफन्याजवळच्या तेल्लिप्पळै इथे. धर्माने ख्रिस्ती, आणि पुढे ज्या समाजाने त्यांना 'तंदै', म्हणजे वडील, म्हटलं तो बहुसंख्येने शैव हिंदू. लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. त्यांनी बाहेरून केली, शाळेत शिकवता शिकवता कायदा केला, 1923 मध्ये ॲडव्होकेट झाले. 1947 मध्ये किंग्ज कौन्सेल, म्हणजे मानाचे ज्येष्ठ वकील, आणि त्याच वर्षी कांकेसंतुरैचे खासदार. आवाज बारीक. पुढे कंपवात जडला, तेव्हा सभागृहात त्यांचं भाषण दुसऱ्याने वाचून दाखवायची वेळ आली. वक्तृत्वावर नेता ठरतो असं मानणाऱ्या आपल्यासारख्या व्याख्यानमालावाल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. (हशा)

आता माझा मुद्दा. श्रीलंकेच्या तमिळ राजकारणात वकिलांचा तुटवडा कधीच नव्हता, पण चेल्वनायकम दिवाणी बाजूचे होते आणि ही बाब सगळे चरित्राच्या पहिल्या पानावर सोडून पुढे जातात. त्यांच्या आधीचे मोठे नेते जी. जी. पोन्नंबलम. ते फौजदारी वकील, उलटतपासणीत हा माणूस साक्षीदाराचा घाम काढायचा. स्वातंत्र्याआधी नव्या घटनेसाठी आलेल्या ब्रिटिशांच्या सोलबरी आयोगापुढे त्यांनी मागणी कशी केली? पन्नास-पन्नास. निम्म्या जागा सिंहली बहुसंख्याकांना, निम्म्या बाकी सगळ्यांना मिळून. ज्युरीपुढे करावी तशी मागणी, एका दमात लक्षात राहणारी. मिळाली नाही. दिवाणी वकील असा विचारच करत नाही. तो विचारतो, मिळकत कोणती, चतुःसीमा काय, हिस्सेदार किती, दस्त कुठे आहे.

आणि मिळकत कुठली, तर जाफन्याची. इथे मला थोडं रेंगाळू द्या. जाफन्याच्या तमिळांना त्यांचा स्वतःचा कायदा आहे, तेसवलमै. म्हणजे देशाचा रिवाज. डच अमलात क्लास इसाक्स नावाच्या अधिकाऱ्याने 1706 मध्ये तो लिहून काढला, 12 मुदलियारांनी वाचून मान्य केला, आणि 1707 पासून तो लागू झाला. बायकोचं स्त्रीधन वेगळं, नवऱ्याची वडिलोपार्जित वेगळी, लग्नानंतर दोघांनी कमावलेली तिसरी. प्रत्येकीला वेगळा शब्द, प्रत्येकीचा वारसा वेगळ्या वाटेने. जमीन थोडी, विहिरीवरची, पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलेली. एका खरेदीखतात अविभक्त हिस्सा अपूर्णांकात, त्याच्या खाली विहिरीच्या पाण्यातला हिस्सा, तिथे जायच्या वाटेचा हक्क, बांधावरचे ताड कोणाचे. आपल्याकडे सातबाऱ्यावर सामाईकात अठरा नावं असतात ना, त्यांना हे समजावून सांगायला नको.

त्या कायद्यातला सगळ्यात झणझणीत भाग म्हणजे अग्रक्रय. मी माझा हिस्सा विकायला काढला तर आधी विचारायचं कोणाला? जुन्या रिवाजात वारसांना, सहहिस्सेदारांना, आणि ज्यांच्याकडे ती जमीन गहाण आहे अशा शेजाऱ्यांना. डच काळात सलग 3 रविवार चर्चमध्ये पुकारा व्हायचा, अमुक माणूस अमुक जमीन विकतोय, हक्क सांगायचा असेल तर सांगा. शेजारी 1947 च्या वटहुकमाने गळाले. सहहिस्सेदार आणि संभाव्य वारस राहिले. नोटीस न देता परक्याला विकली की दावा आलाच. आणि दावा हरतात ते बहुधा एकाच जागी. हक्क शाबीत होतो, पण त्या किमतीला घ्यायची ऐपत आणि तयारी तेव्हा होती हे शाबीत होत नाही.

म्हणजे बघा, 'आधी आतल्याला विचारा, मग बाहेरच्याला' हे त्या मातीत कायद्याच्या भाषेत आधीपासून होतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

1948 आलं. स्वातंत्र्य फेब्रुवारीत, आणि वर्ष संपायच्या आत नागरिकत्वाचा कायदा. चहामळ्यांतले भारतीय वंशाचे सुमारे 7 लाख तमिळ बहुतांशी नागरिकत्वाबाहेर. तुम्ही इथे जन्मलात, पुरेसं नाही. बाप इथे जन्मला होता? नाहीतर आजा आणि पणजा? दाखला आणा. लाइनीतल्या खोलीत जन्मलेल्या मजुराच्या बापाचा दाखला कुठून यायचा? गंमत अशी, की चेल्वनायकम स्वतः मलायात जन्मलेले. बाप-आजा जाफन्याचे म्हणून त्यांना कोणी हटकलं नाही, आणि डोंगरात जन्मलेला मजूर परका. पोन्नंबलम मंत्रिमंडळात गेले. चेल्वनायकम यांनी त्यांची साथ सोडली आणि 18 डिसेंबर 1949 ला नवा पक्ष काढला. नाव तमिळमध्ये 'इलंगै तमिळ अरसु कच्ची', इंग्रजीत फेडरल पार्टी.

या 'अरसु'ने फार घोटाळा केला. चेन्नईच्या सरकारी फलकांवर 'तमिळनाडु अरसु' लिहिलेलं असतं, त्याने कोणी दचकत नाही. आपण 'महाराष्ट्र राज्य' म्हणतो तेव्हा कोणाला शिवाजी महाराजांचं सिंहासन आठवत नाही. पण कोलंबोत विरोधकांनी विचारलं, इंग्रजीत संघराज्य आणि तमिळमध्ये राज्य, खरं कोणतं? दस्तातला एक शब्द सैल राहिला की समोरचा वकील आयुष्यभर तिथेच बोट घालतो. आणि ही चूक कोणाची, तर दस्त लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाची!

जून 1956 मध्ये 'फक्त सिंहली' कायदा झाला, म्हणजे राजभाषा एकच, सिंहली. 5 जूनला संसदेजवळच्या गॉल फेस मैदानावर सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली. त्याच महिन्यात पूर्वेकडच्या गल ओया या सरकारी शेती-वसाहतीत दंगल. पंतप्रधान बंडारनायके, हेही बॅरिस्टर. आणि ऐका, 1926 मध्ये याच बंडारनायक्यांनी जाफन्यात जाऊन संघराज्यावर व्याख्यान दिलं होतं, देशाला तोच तोडगा म्हणून! तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

26 जुलै 1957 ला बंडारनायके आणि चेल्वनायकम यांनी करार केला. तो मी विद्यार्थ्यांना मसुदालेखनाचा नमुना म्हणून वाचायला देईन. राजभाषा कायद्याला हात लावणार नाही, हे पंतप्रधानांनी आधीच सांगितलेलं. मग त्याच्या कडेकडेने काय मिळवता येईल ते चेल्वनायकम मिळवत जातात. उत्तर प्रांताचं एक प्रादेशिक मंडळ, पूर्वेची दोन किंवा अधिक. मंडळांना एकत्र यायची मुभा, प्रांताची हद्द ओलांडूनही, पण संसदेच्या मंजुरीने. थेट निवडणूक. शेती, सहकार, जमीन, शिक्षण, आरोग्य, मत्स्यव्यवसाय, रस्ते, पाणी हे विषय मंडळांकडे. कर बसवायचा आणि कर्ज काढायचा अधिकार. उत्तर-पूर्वेत कारभार तमिळमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्या वसाहतींत जमीन कोणाला द्यायची ती निवड मंडळाची. भाषेवर भांडण पेटलेलं असताना हा माणूस लाभार्थींच्या यादीवर बोट ठेवून बसलाय, कारण त्याला ठाऊक आहे की यादी बदलली की मतदारसंघ बदलतो. एवढं करूनही गल ओया मंडळाच्या जमिनीचा मुद्दा 'विचार करावा लागेल' असा मोघम राहिला. बदल्यात सत्याग्रह मागे घेतला.

आता तो मोडला कसा. ऑक्टोबरात विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने कराराविरुद्ध कँडीला पदयात्रा घेऊन निघाले, ती इंबुलगोडाला अडवली गेली. अडवणारा आमदार-खासदार कोणी तमिळ नव्हता, सत्तेतल्याच बाजूचा सिंहली, त्याचंही आडनाव बंडारनायके! जानेवारी 1958 मध्ये बससेवा सरकारी झाली, आणि मार्चच्या सुमारास सिंहली 'श्री' अक्षराच्या पाट्या लावलेल्या बसगाड्या जाफन्यात आल्या. तिकडे पाट्यांवर डांबर, इकडे दक्षिणेत तमिळ फलकांवर डांबर. एका अक्षरावरून. मग 9 एप्रिल. कोलंबोच्या रोझमीड प्लेसमध्ये पंतप्रधानांच्या घरासमोर भिक्खू येऊन बसले, कराराची रद्दी करा म्हणून. पंतप्रधान तोंडी कबूल झाले. भिक्खू उठेनात. आम्हाला लेखी द्या! आणि लेखी मिळालं. दिवाणी वकिलाने साडेआठ महिने जपलेला कागद दुसऱ्या कागदाने रद्द केला. मे महिन्यात देशभर दंगली.

(चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं म्हणताहेत. संघराज्याचा युक्तिवाद राहिलाय अजून.)

तर युक्तिवाद थोडक्यात. भिक्खूंनी करार मोडला असं सगळे सांगतात. माझं म्हणणं, करारालाच खिळा नव्हता. विधेयक अमुक तारखेला मांडू असं त्यात नाही. पंतप्रधानांच्या पक्षाची संमती नाही. अधिकार संसदेने सोपवलेले, म्हणजे संसदेने काढून घेता येण्यासारखे. शेजारी ठेवा आपला 1953 चा नागपूर करार. तोही राजकीय पुढाऱ्यांचाच, त्यालाही कुठला शिक्का? पण 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्यातला काही भाग कलम 371 मध्ये गेला. वैधानिक विकास मंडळं यायला 1994 उजाडलं, विदर्भातली मंडळी हसताहेत ते दिसतंय मला, पण 38 वर्षं बोट ठेवायला कलम होतं. चेल्वनायकम यांच्याकडे तेवढंही नव्हतं. होतं ते सोलबरी घटनेचं कलम 29, कोणत्याही जमातीवर इतरांवर नाही असा बोजा टाकता येणार नाही, टाकला तर कायदा निरर्थक. मळ्यातल्या तमिळांनी 1953 मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, नेलं आणि हरले, कारण नागरिकत्वाच्या कायद्यात 'तमिळ' हा शब्दच नव्हता. कोदीश्वरन या कारकुनाने सिंहली परीक्षा न दिल्यामुळे अडलेली पगारवाढ मागितली, जिल्हा न्यायालयात 1964 मध्ये भाषा कायदाच निरर्थक ठरला, वरच्या न्यायालयाने सरकारी नोकराला दावाच लावता येत नाही म्हणून तो निकाल उलटवला, प्रिव्ही कौन्सिलने 1969 मध्ये दावा लागतो म्हणून परत पाठवला, आणि मूळ प्रश्न ऐकायच्या आत 1972 ची नवी घटना आली. तिच्यात कलम 29 नाहीच.

1965 चा, पंतप्रधान होऊ घातलेल्या डडली सेनानायके यांच्याबरोबरचा करार पळत सांगतो. 24 मार्च. तुम्हाला अग्रक्रय डोक्यात ठेवायला सांगितलं होतं. उत्तर-पूर्वेतल्या वसाहतींच्या जमिनीचा क्रम यात असा आहे: आधी त्या जिल्ह्यातले भूमिहीन, मग त्या दोन प्रांतांतले तमिळभाषक, मग देशातले इतर, त्यातही तमिळांना पसंती. तेसवलमैचीच उतरंड नव्हे का ही? मला तरी दुसरं काही दिसत नाही. या वेळी पक्ष सरकारात गेला, चेल्वनायकम स्वतः गेले नाहीत, एम. तिरुचेल्वम मंत्री झाले. कोलंबोत घोषणा निघाली, डडलीच्या पोटात मसाला वडे! आणि करारात कबूल केलेल्या जिल्हा मंडळांचा कागद 1968 मध्ये गुंडाळला गेला.

मग दिवाणी वकील शेवटी काय करतो? सामाईक वहिवाट जमत नसेल तर वाटपाचा दावा. तिकडच्या रोमन-डच कायद्यात कोणालाही जबरदस्तीने सहहिस्सेदार म्हणून अडकवून ठेवता येत नाही. 1972 मध्ये त्यांनी नव्या घटनेच्या निषेधार्थ खासदारकी सोडली, पोटनिवडणूक घेऊन लोकांचा कौल बघा असं आव्हान दिलं, सरकारने पोटनिवडणूक फेब्रुवारी 1975 पर्यंत लांबवली, ते 16 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. 14 मे 1976, वड्डुकोट्टै, स्वतंत्र तमिळ ईळमचा, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राचा ठराव, त्यांच्याच नेतृत्वाखाली. पाठचा युक्तिवाद सरळ फेरफाराच्या नोंदीसारखा. जाफन्याचं राज्य 1619 मध्ये पोर्तुगीजांकडे, 1658 ला डचांकडे, 1796 ला इंग्रजांकडे, 1833 मध्ये कारभारासाठी एकत्र जोडलं. शेवटचा फेरफार आमच्या सहीविना झाला, म्हणून मूळ हक्क जिवंत.

त्याच महिन्यात ठरावाची पत्रकं वाटली म्हणून अमृतलिंगम आणि इतर नेत्यांना पकडलं. तीन न्यायाधीशांपुढे, ज्युरीविना खटला. बचावाला साठेक वकील. पुढे तिरुचेल्वम आणि पोन्नंबलम. होय, तेच पन्नास-पन्नासवाले, आणि त्यांच्याबरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, थरथरत्या हातांचे चेल्वनायकम. 1949 मध्ये फुटलेले दोघे एका बाकावर. आरोपी सुटले ते कशाने? ईळमच्या युक्तिवादाने नाही, आणीबाणीचे नियम रीतसर अमलात आलेले नाहीत या तांत्रिक मुद्द्यावर. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तोही फिरवला. तिरुचेल्वम नोव्हेंबर 1976 मध्ये गेले, पोन्नंबलम फेब्रुवारी 1977 मध्ये, चेल्वनायकम 26 एप्रिलला.

दुसरी चिठ्ठी. नीलन तिरुचेल्वम, म्हणजे त्या मंत्र्यांचा मुलगा, तोही वकील, त्याच्या 1995 च्या सत्तावाटपाच्या मसुद्यावर बोलायचं राहिलं. ज्यांना ऐकायचंय त्यांनी खाली चहाच्या टेबलाशी भेटा.