पेपर खराब गेला त्याच विषयाच्या सरांकडे जा

ज्या विषयात मार्क कमी पडले त्याच विषयाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे परदेशातल्या कॉलेजसाठी शिफारसपत्र मागायचं का, असं मुलं विचारतात, म्हणजे जी येतात ती विचारतात, बाकीची गपचूप दुसऱ्या सरांकडे जातात. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: जा. का जायचं आणि कसं मागायचं हे सांगायलाच मी आलोय, पण त्याआधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, समोर माझे काही सहकारी बसलेत, त्यांना राग येईल, तरी बोलतो.

"तूच लिहून आण, मी सही करतो." हे वाक्य कुणी कुणी ऐकलंय? हात वर करा बरं. बघा, मागे बसलेल्या पालकांचेही हात वर आहेत, म्हणजे दुखणं जुनं आहे!

मला याचा खरोखर त्रास होतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं स्वतःबद्दल काय लिहायचं? तो लिहितो मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर. पुढचाही तेच लिहितो, कारण दोघांनी नेटवरचा एकच नमुना उघडलेला असतो. आणि ज्याचे मार्क कमी आहेत तो तर घाबरून आणखी दोन विशेषणं वाढवतो. तिकडे पत्र वाचणाऱ्याच्या हातात मार्कशीट आधीच असते हो, मार्क त्याला दिसतायत, मार्कशीटमध्ये जे दिसत नाही ते कुणीतरी सांगावं म्हणून तर पत्र मागवतात, आणि आपण पाठवतो काय तर विशेषणं.

दुसरं म्हणजे त्यात खोटेपणा आहे. अमेरिकेत 1974 सालचा फर्पा नावाचा कायदा आहे, त्यानुसार विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क असतो, आणि अर्ज करताना विचारतात की शिफारसपत्र बघायचा हक्क तू सोडतोस का. बहुतेक मुलांना हो करायचाच सल्ला मिळतो, कारण मग पत्रावर जास्त विश्वास बसतो. आता विचार करा, पत्र मी बघणार नाही म्हणून टिक केली आणि पत्र स्वतःच टाइप केलंय. हे आपण मुलांना कॉलेजात जायच्या आधीच शिकवतोय, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बरं, आता त्या मुलीचं सांगतो, माझी विद्यार्थिनी, नाव सांगत नाही. फिजिक्सच्या परीक्षेत रोटेशनल मोशनवर मोठा प्रश्न होता, टोकाला बिजागरी असलेली दांडी, आणि हिनं जडत्व आघूर्ण, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप, घेतलं एमएल वर्ग भागिले बारा. हे सूत्र दांडीच्या मध्यातून जाणाऱ्या अक्षाचं. टोकाचं असतं भागिले तीन. चौपट फरक! (फिजिक्सवाले हसतायत, बाकीच्यांनी काळजी करू नका, परीक्षा नाहीये.) तिथून पुढचं सगळं गणित गेलं, पेपर गेला.

तिनं मार्क वाढवून मागितले नाहीत. उत्तरपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, सर, गणित कुठे चुकलं ते कळलं, पण मी मधलाच अक्ष का धरला ते मला कळत नाहीये. आम्ही बसलो. निघालं असं की समांतर अक्षाचं प्रमेय, म्हणजे मध्यातल्या अक्षावरून बाजूच्या अक्षाचं माप काढायचा नियम, तिला तोंडपाठ होतं, पण ते कशासाठी आहे हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मग तिनं वहीत दांडी, चकती, कडं, एकेक आकार घेऊन अक्ष हलवून हलवून काढलं. पुढे एकदा वर्गात एका मुलानं तीच चूक केली तर मी तोंड उघडायच्या आत ही फळ्यापाशी, आणि त्याला इतकं नीट समजावलं की मी पुढच्या वर्षी ते तसंच शिकवलं.

आता सांगा, पहिल्या आलेल्या मुलाबद्दल माझ्याकडे एवढं लिहायला असतं का? त्याला कधी अडलंच नाही, तर अडल्यावर तो काय करतो हे मला कसं दिसणार? अमेरिकेतली बरीच कॉलेजं ज्या कॉमन ॲपवरून अर्ज घेतात, त्याच्या शिक्षकांच्या फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं एक रकानाच होता, अपयश आल्यावर विद्यार्थी कसा वागतो. तिच्या बाबतीत तो भरताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीयत. कसं मागायचं ते पटापट सांगतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. आधी काहीतरी करा, म्हणजे सरांना लिहायला मिळेल. पेपर खराब गेल्यावर वर्गात येणंच कमी केलं असेल तर मात्र माझा सल्ला तुमच्यासाठी नाही, दुसरे सर बघा. समोर जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर "सर एलओआर हवंय", म्हणजे शिफारसपत्र हवंय, असं नको. मार्कांचा विषय तुम्हीच काढा, सरांना अवघडायला लावू नका. आणि प्रश्न असा विचारा: माझे मार्क कमी आहेत हे धरून, तुम्हाला माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येईल का? सर घुटमळले तर ते नाहीच समजा, आभार माना, वाईट वाटून घेऊ नका, कोमट पत्रापेक्षा स्पष्ट नकार कधीही बरा.

हो म्हणाले तर पत्र लिहून देऊ नका, पानभर माहिती द्या: त्यांच्या वर्गात काय केलं, कुठे अडलं, मग काय केलं, कुठे अर्ज करताय, तारखा काय. अमेरिकेतल्या लवकरच्या अर्जांची तारीख बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर असते, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी धावत जाऊ नका, निदान महिनाभर तरी द्या. कोणाचं पत्र चालतं तेही बघा, अमेरिकेतल्या एमआयटीला एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांचं लागतं.

आणि आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणानं पेपर गेला असेल तर ते सरांना आधीच सांगा. ब्रिटनमध्ये कॉलेजचे अर्ज ज्या युकास संस्थेमार्फत जातात, तिथे 2024 च्या प्रवेशापासून शाळेच्या शिफारशीचे तीन भाग केलेत आणि त्यातला एक खास अशा परिस्थितीसाठीच आहे, पण सरांना माहीतच नसेल तर ते लिहिणार काय? असं कारण नसेल तर उगाच शोधू नका, अभ्यास कमी पडला असेल तर तसंच सांगा, आम्हाला ते माहीत असतं.

वेळ संपली, प्रश्न असतील तर मी बाहेर थांबतो.