नातीच्या नावापुढचा रकाना

(मॉरिशसमधील मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून.)

अध्यक्षमहोदय, मंडळाचे पदाधिकारी, आणि वाक्वा, बांबू, कास्काव्हेल, शामारेल, हेन्रिएता अशा गावोगावांहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मंडळाने मला आपल्या मॉरिशसमधील मतदान आणि राज्यकारभार या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा शाळेत पस्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने जे करावे तेच मी केले. जुनी कात्रणे काढली, टाचणे मांडली आणि भाषण लिहायला बसले. ते भाषण मी आज वाचणार नाही, कारण गेल्या पंधरवड्यात माझ्या अकरा वर्षांच्या नातीने एक प्रश्न विचारला आणि त्यानंतर आमच्या घरात जे झाले, ते मनातून जात नाही.

रविवारची दुपार होती. नात माझ्याशेजारी बसून कात्रणांचे गठ्ठे लावत होती. २०२४ च्या निवडणुकीनंतरची एक पुरवणी तिच्या हाती लागली. बेस्ट लूझरच्या, म्हणजे पडलेल्या उमेदवारांना समाज पाहून दिल्या जाणाऱ्या, जागा कोणाला मिळाल्या आणि कोणत्या समाजाचे म्हणून मिळाल्या, याचा तक्ता तिच्यात होता. तिने तो बोटाने वाचला आणि क्रिओल भाषेत मला विचारले, ‘आजी, मी मोठी होऊन देपिते, म्हणजे खासदार, व्हायला उभी राहिले, तर माझ्या नावापुढे काय लिहायचे?’ मी क्षणाचाही विचार न करता म्हटले, ‘हिंदू, अजून काय?’ माझी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माएबूरची, क्रिओल कुटुंबातली, चर्चमध्ये वाढलेली. तिने हातातले ताट खाली ठेवले आणि काही न बोलता अंगणात गेली.

मुलीला उत्तर नीट द्यायचे, म्हणून मी तिला सगळे पहिल्यापासून सांगायला घेतले. आपल्यापैकी अनेकांनी हे कधी आपल्या मुलांना सांगितलेले नाही, म्हणून इथेही सांगते. मॉरिशस बेटावर वीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन प्रतिनिधी निवडले जातात. रॉड्रिग्ज बेट हा एकविसावा, तिथून दोन. असे बासष्ट जण लोकांनी थेट निवडलेले. आपल्या हाती मतपत्रिका आली की तिच्यावर तीन फुल्या कराव्याच लागतात. दोन केल्या किंवा चार केल्या, तर मत बाद. तिन्ही फुल्या एकाच आघाडीला दिल्या की ते ब्लॉक मत, आणि माणूस पाहून वाटून दिल्या की कूपे-त्रांशे. चावी, हृदय, सूर्य, कोंबडा या चिन्हांखाली आपल्या कितीतरी घरांत भावाभावांचे बोलणे बंद झालेले आहे, ते काही मी इथे उगाळत नाही. सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत तो पंतप्रधान होतो, आणि १२ मार्च १९९२ ला आपण प्रजासत्ताक झाल्यापासून राष्ट्रपतींची निवडही हेच सभागृह करते.

नातीने लगेच बेरीज केली आणि म्हणाली, मग सगळ्यांनी ब्लॉक मत दिले तर दुसऱ्यांचे कोणीच येणार नाही. मुलगी बरोबर होती. १९८२ मध्ये, १९९५ मध्ये आणि २०२४ मध्ये असेच झाले. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एका बाजूला गेल्या. २०२४ मध्ये तर विजयी आघाडीला साधारण साठ टक्क्यांच्या थोडी वर मते होती, म्हणजे दहांपैकी जवळजवळ चार माणसांच्या मताला या बेटावर एकही निवडून आलेला चेहरा मिळाला नाही. त्या सभागृहात विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार बेस्ट लूझरच्या वाटेनेच आत आले. ही व्यवस्था नसती, तर सरकारला प्रश्न विचारायला मुख्य बेटावरचा विरोधक एकही नसता, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे.

आता ते चार रकाने. राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात चार समाज मोजलेले आहेत. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि चौथी सर्वसाधारण लोकसंख्या, जिच्यात माझ्या सुनेचे क्रिओल लोक येतात. उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज सांगायचा. निकाल लागल्यावर प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्या समाजाच्या मिळालेल्या जागा अधिक एक याने भागायचे, ज्याचा आकडा सर्वांत मोठा त्या समाजातल्या, पडलेल्यांपैकी सर्वाधिक टक्के मते घेणाऱ्या उमेदवाराला जागा द्यायची आणि मग पुन्हा भागाकार करायचा. अशा जास्तीत जास्त आठ जागा भरता येतात. पहिल्या चार पक्ष न पाहता समाजाचा तोल राखण्यासाठी, आणि पुढच्या चार त्यामुळे पक्षांचा बिघडलेला तोल सावरण्यासाठी. नातीला भागाकार आवडला. तिचे पुढचे वाक्य मात्र असे होते, ‘आणि आपण मराठी कुठे आहोत?’

मराठी त्या तक्त्यात नाहीत. तमिळ नाहीत, तेलुगू नाहीत. आपण सर्व हिंदू या रकान्यात, आणि तो रकाना निकालानंतर सहसा आधीच भरलेला असल्यामुळे बेस्ट लूझरची जागा आपल्या वाट्याला येण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. म्हणून आपण दुसऱ्या दारावर उभे राहतो. निवडणूक जवळ आली की आपल्या संस्थांची शिष्टमंडळे पक्षांच्या नेत्यांकडे जातात आणि मराठी उमेदवार किती, हे विचारतात. मीही एकदा त्यांत गेले होते. त्या बैठकीत आम्ही आकडा मागितला आणि आकडा घेऊन आलो. त्या उमेदवाराने शाळांमधल्या मराठीसाठी काय करायचे, कोरड्या महिन्यांत वरच्या भागातल्या नळांना पाणी कधी येणार, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. याबद्दल मला आजही वाईट वाटते.

माझ्या वडिलांना हे समजले असते की नाही, मला माहीत नाही. ते मेदीनच्या उसात काम करणारे. १९४७ मध्ये नवी घटना आली आणि वसाहतीतल्या एखाद्या प्रचलित भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळेल असे ठरले. तोपर्यंत या बेटावर मतदार होते बारा हजारांच्या आसपास, म्हणजे मळ्यांचे मालक आणि शहरातले शिकलेले. बिसूनदयाल बंधूंच्या जन आंदोलनाने गावोगावच्या बैठकांमध्ये कंदील लावले, आणि दिवसभर कोयता चालवलेल्या हातांनी पाटीवर अक्षरे गिरवली. १९४८ च्या निवडणुकीत मतदार सत्तर हजारांच्या वर गेले. त्यांत माझे वडील होते. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून तिला सर्व प्रौढांना मताधिकार मिळून झालेल्या १९५९ च्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागले. ते दोघे मतदानाला निघत, तेव्हा आई घाटावर जायला नेसावे तसे नवे लुगडे नेसत असे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून मजूर म्हणून इथे आलेल्यांच्या नातवंडांना कोणी मत आणून दिले नव्हते, त्यांनी ते अक्षरागणिक मिळवले होते.

मग हे रकाने का आले? १९६६ मध्ये स्वातंत्र्य दाराशी उभे होते आणि लहान समाजांच्या मनात भीती होती. निवडणुकीची पद्धत सुचवायला नेमलेल्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशींवर इथे गदारोळ झाला, तेव्हा लंडनहून ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस आले आणि वाटाघाटींतून बेस्ट लूझरची आजची रचना ठरली. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक तिच्यावर झाली. स्वातंत्र्याच्या बाजूला एकोणचाळीस जागा, विरोधात तेवीस. मी दहा वर्षांची होते. दर शंभरांतली चाळीसहून अधिक माणसे स्वातंत्र्याला घाबरून विरोधात मत देऊन आली होती, आणि ती आमच्या शेजारचीच होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईच्या रस्त्यांवर रक्त सांडले आणि दोन महिन्यांनी आपला झेंडा वर चढला. त्या भीतीवर ज्यांनी हा उपाय शोधला, त्यांना मी नावे ठेवणार नाही. या देशात सरकारे मतांनी बदलत आली आहेत, आणि त्याचा काही वाटा त्या आठ खुर्च्यांचा आहे असे मी मानते.

परंतु उपाय ज्या आकड्यांवर उभा आहे, ते आकडे १९७२ च्या जनगणनेचे आहेत. १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला, हे चांगलेच झाले. पण बेस्ट लूझरचा भागाकार मात्र जुन्याच आकड्यांवर बांधून ठेवला. तेव्हा आपण साडेआठ लाख होतो, आज साडेबारा लाखांच्या घरात आहोत. माझी नात, तिची आई आणि माझा मुलगा, या तिघांपैकी कोणीही त्या मोजणीत नाही. रेझिस्तांस एक आल्टरनातिव या चळवळीच्या उमेदवारांनी समाज सांगायला नकार दिला, त्यांचे अर्ज नाकारले गेले आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले. जुन्या आकड्यांवर माणसाला समाज जाहीर करायला लावणे हे त्याच्या राजकीय हक्काचे उल्लंघन आहे, असे त्या समितीने २०१२ मध्ये सांगितले. २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनेत सूट दिली गेली आणि नंतर ती संपली. त्याआधी २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश आल्बी साक्स यांच्या आयोगाने प्रमाणशीर पद्धतीच्या, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात द्यायच्या, तीस जागा वाढवायला सुचवले होते. त्यानंतरही अहवाल आले, विधेयके आली, पण घटना बदलायला लागणारी तीनचतुर्थांश मते सभागृहात जमली नाहीत. त्या चळवळीतले लोक २०२४ मध्ये विजयी आघाडीतून निवडून आले, अशोक सुब्रॉन मंत्री झाले, आणि निवडणूक सुधारणांचे आश्वासन पुन्हा दिले गेले.

हे सर्व मी नातीला सांगत होते, तेव्हा चौथ्या रकान्याची व्याख्या तिला वाचून दाखवली. जो आपल्या जगण्याच्या रीतीवरून पहिल्या तीन समाजांपैकी एकाचाही वाटत नाही, तो सर्वसाधारण लोकसंख्येतला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आजी, माझी जगण्याची रीत बघायला कोण येणार? गणपतीत आला तर एक लिहील, नाताळात आला तर दुसरे लिहील.’

संध्याकाळी मुलगा घरी आला आणि वाद पेटला. त्याचे म्हणणे, हे रकाने फाडून टाका, माणूस उभा राहील तर मॉरिशियन म्हणून. मला वाटले सून त्याच्या बाजूने बोलेल, पण तिने त्यालाच विरोध केला. ‘तुमचे लोक प्रत्येक सरकारात असतात,’ ती म्हणाली, ‘पंतप्रधान कोण होणार हे तुमच्या घरांत ठरते. माझ्या आईवडिलांना त्या तक्त्यात आपला एक माणूस दिसतो, म्हणून त्यांना वाटते की कोणीतरी आपल्याला मोजले. तुम्ही तेही काढून घ्या आणि त्याला समता म्हणा.’ आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आई, तुम्ही तिला हिंदू म्हणालात, यात मी कुठे आहे?’

मी त्या वेळी उत्तर दिले नाही, आणि आजही माझ्याकडे ते नाही. गेली बारा वर्षे आमच्या गणपतीचे मोदक तीच करते, आणि तरीही आरतीच्या वेळी ती मागे उभी राहते, कारण पुढे ये असे तिला कोणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही. आपल्या कितीतरी घरांत अशा सुना आणि असे जावई आहेत. मंडळाच्या सभासद-यादीत त्यांची नावे किती आहेत, हे एकदा पाहा. राज्यघटनेला रकाने बदलायला सांगण्याआधी आपल्या झाकरी नाचाच्या रिंगणात, आपल्या कास्काव्हेलच्या देवळात कोणाला पुढे बोलावतो, याचा विचार व्हायला हवा.

आणखी एक बोलते, मोठी म्हणून रागावते असे समजा. २०१५ नंतर दहा वर्षे पाच नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या आणि आपण एकाही मेळाव्यात त्याविषयी ठराव केला नाही. मे २०२५ मध्ये त्या अखेर झाल्या, तेव्हा वाक्वा-फिनिक्समध्ये, कात्र बोर्नमध्ये आपल्यातले किती जण केंद्रावर गेले? मतदान फारच थोडे झाले. राष्ट्रीय निवडणुकीत मराठी उमेदवार किती यावर रात्र रात्र बोलणारे आपण, आपल्या गल्लीचा नगरसेवक निवडायला घराबाहेर पडलो नाही. माझ्या वडिलांनी कंदिलाशी बसून मिळवलेले मत ते हेच.

रकाने राहिले तर माझ्या नातीला आईवडिलांपैकी एकाला खोडून अर्ज भरावा लागेल. रकाने गेले, आणि त्यांच्या जागी लहानांची काळजी घेणारे काही आले नाही, तर माएबूरच्या तिच्या आजीला पुन्हा साठ-शून्यच्या सभागृहाकडे पाहून वाटेल की आपल्याला कोणी मोजले नाही. सुधारणा लिहिणाऱ्यांसमोर उद्या मंडळाला आपले म्हणणे मांडायची वेळ आली, तर आपण काय मांडणार? फक्त मराठीचा आकडा मागणार असू, तर मी त्या शिष्टमंडळात येणार नाही.

नात सात वर्षांनी मतदार होईल. येत्या रविवारी ती पुन्हा माझ्याकडे येणार आहे आणि तिने मला बजावले आहे की आजी, तोपर्यंत उत्तर शोधून ठेव. तुमच्यापैकी कोणाच्या घरात हा प्रश्न आधीच विचारला गेला असेल आणि तिथे काही सुचले असेल, तर चहाच्या वेळी मला येऊन सांगा. मी मागच्या रांगेत बसले आहे, माझ्या सुनेशेजारी.