विण्याआधीचा दीड महिना

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा जवळ आला आहे. घाटावरच्या मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, आता हलायच्या तयारीला लागतील. दिवाळी उरकली की फलटण, बारामती, पारनेर, संगमनेर या बाजूची मेंढरं बोरघाटातून, माळशेजातून खाली उतरतील आणि मुरबाड, कल्याण, भिवंडी, कर्जत, पनवेलच्या कापणी झालेल्या भातखाचरांत बसतील. मुंबईकरांना ती शिळफाट्याच्या आसपास रस्त्याकडेनं चालताना दिसतात. त्यातल्या कितीतरी मेंढ्या त्या वेळी पोटात कोकरू घेऊन चालत असतात.

पावसाच्या नव्या गवतावर मेंढी माजावर येते. आषाढात फळलेली, म्हणजे गाभण राहिलेली मेंढी पाच महिन्यांनी, म्हणजे साधारण १५० दिवसांनी, मार्गशीर्षात विते. ऐन चालीच्या, थंडीच्या दिवसांत, परक्या शिवारात. कोकरं दगावतात तीही बहुतेक जन्मल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच. मग आपण म्हणतो, थंडीनं गेलं, वाचायचं नव्हतं. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे मेंढ्यांचंच काम केलं. त्या अनुभवावरून सांगते, की त्या कोकराचं जगणं विण्याआधीच्या दीड महिन्यात बरंचसं ठरून गेलेलं असतं. तो दीड महिना आता सुरू होतो आहे, म्हणून आजच बोलायचं.

पहिले साडेतीन महिने पोटातलं पिल्लू लहानसंच असतं. त्याचं जवळजवळ ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं. त्याच सहा आठवड्यांत मेंढीची कास भरायला लागते, आणि चीक तयार होतो तो शेवटच्या दिवसांत. गंमत अशी, की याच काळात मेंढीची खाण्याची जागा कमी होते, कारण पिल्लू तिचं पोट दाबून धरतं. जुळं असेल तर आणखीच. तिला लागतं जास्त आणि मावतं कमी. वर रोजची दहा-बारा किलोमीटरची चाल असली तर ती अंगावरची चरबी जाळून पिल्लाला पोसते. चरबी फार जळली की रक्तात विष साठतं. अशी मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, चरत नाही, दात खाते, आंधळ्यासारखी झुडपाला धडकते, तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. याला आम्ही गाभणकाळातली विषबाधा म्हणतो. अशी मेंढी दिसली त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शिरेतून ग्लुकोज पहिल्या दिवशी दिलं तर ती बऱ्याचदा वाचते. ती खाली बसल्यावर आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

मग करायचं काय? पुस्तकात लिहिलेलं असतं, शेवटचा दीड महिना दर मेंढीला रोज पाव किलो खुराक द्या. शंभर मेंढ्यांना रोज २५ किलो मका-पेंड होते. चालत्या वाड्याला हे परवडत नाही, हे मला माहीत आहे, आणि जे परवडत नाही ते सांगून मी तुमचा वेळ घालवणार नाही. त्याऐवजी एक दिवस काढा. दसऱ्याच्या आसपास, निघायच्या आधी, सगळी गाभण मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घ्या आणि एकेकीच्या पाठीवर हात फिरवा. शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या मणक्यावर. लोकरीवरून नजरेनं काही समजत नाही, हातानंच कळतं. मणक्याचं टोक बोटाला टोचलं, बाजूच्या हाडांच्या खाली बोटं सहज शिरली, तर ती मेंढी रोडावली आहे. मणका गोलसर लागला आणि जरा दाबल्यावर हाड कळलं, तर ती ठीक आहे. रोडावलेल्या, पहिलटकरणी, म्हाताऱ्या आणि पोट फार मोठं दिसणाऱ्या वेगळ्या करा, कपाळाला रंग लावा. शंभरातल्या वीस-पंचवीस निघतील समजा. खुराक त्यांना द्या. भरडलेला मका, थोडी शेंगदाणा किंवा सरकी पेंड, जोडीला तुरीचं भुसकट, शेवरीचा पाला. दिवसाला पाच-सहा किलोंत वाड्याचं काम भागतं आणि जी कोकरं मरणार होती नेमकी तीच वाचतात. खुराक हळूहळू, आठवडाभरात वाढवत न्या.

इथं एक सावधगिरी. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यात तांबं जास्त असतं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस ती कावीळ होऊन, लाल लघवी करत मरते. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिश्रण मिळतं, तेच मागा.

त्याच दिवशी, मेंढी हातात आहेच तोवर, आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन जनावर मरतं त्या रोगाची लस टोचून घ्या. विण्याआधी चार ते सहा आठवडे ही लस दिली की तिची ताकद चिकात उतरते. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून रोगाशी लढायची थोडी शक्ती मिळते. मेंढीची वार तशी नसते. तिच्यातून ही शक्ती पिल्लापर्यंत जातच नाही. कोकरू जन्मतं तेव्हा रोगापुढे अगदी उघडं असतं, त्याला जे मिळायचं ते चिकातूनच. आणि कोकराचं आतडं ते आत घेतं फक्त पहिले काही तास. चोवीस तासांनंतर कितीही चीक पाजा, पोट भरेल, पण ती शक्ती रक्तात जाणार नाही.

जंताचं औषधही आत्ताच. विण्याच्या सुमारास मेंढीची ताकद घटते, पोटातले जंत जोमानं अंडी घालतात आणि त्याच चराईवर पुढे कोकरं तोंड घालतात. खालची पापणी उलटी करून बघा. लाल-गुलाबी असेल तर बरं, पांढरीफटक असेल तर रक्त पिणारे जंत आहेत. हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर उशीर झालाच आहे. कोकणच्या भातखाचरांत गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमींची भीती वेगळी, त्याचं औषध वेगळं. कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण अल्बेंडाझोल हे नेहमीचं औषध फळल्यापासूनच्या पहिल्या महिन्यात दिलं तर पिल्लात व्यंग येऊ शकतं. उशिरा फळलेल्या मेंढ्या कुठल्या, हे म्हणून लक्षात ठेवायचं.

आता विणं. इथून पुढचं मी वाड्यावरच्या ताई, वहिनी, मावशींशी बोलते, कारण पुरुष मेंढरं घेऊन रानात गेले की कोकरं तुमच्याच पदरात असतात.

पाण्याची पिशवी फुटल्यावर तासाभरात कोकरू यायला हवं. दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक, अशी सरळ चाल दिसली तर हात लावू नका. नुसतं डोकं आलं, एकच पाय आला, शेपूट आली, तर ओढू नका, मदत मागवा. आणि कळा येत नाहीत म्हणून कळांचं इंजेक्शन आपल्या मनानं टोचू नका. गर्भपिशवीचं तोंड उघडलेलं नसेल तर ती आतून फाटते, आणि मेंढीही जाते.

कोकरू खाली आलं की नाकातोंडाचा चिकटा पुसा आणि ते आईच्या तोंडापुढे ठेवा. तिला चाटू द्या. चाटण्यानं ते सुकतं, ऊब धरतं आणि ती त्याचा वास ओळखते. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, आत भिजेल असं. नाळेतूनच जंतू शिरतात आणि पंधरा दिवसांनी सांधे सुजलेलं, लंगडणारं कोकरू दिसतं. मग दोन्ही सड पिळून पहिली घट्ट धार काढून टाका आणि पाजा. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलीलीटर, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला साधारण सव्वाशे. दिवसभरात मिळून अर्धा लिटर. आई आटलेली असेल, किंवा कास दगडासारखी असेल, तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक चालतो.

गारठलेल्या कोकराबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथं प्रेमापोटीच घात होतो. कोकरू जन्मताना अंगात थोडी खास चरबी घेऊन येतं. ती जाळून ते पहिले चार-पाच तास ऊब टिकवतं. आई उपाशी राहिली असेल तर ही चरबीही कमी असते. ती संपली आणि पोटात चीक नसला की कोकरू थंड पडतं. तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर धोका आहे. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात लावा. ३९ ते ४० अंश सेल्सिअस चांगलं, ३७ च्या खाली गेलं तर जिवाशी गाठ. नुकतंच जन्मलेलं ओलं कोकरू असेल तर पुसा, गोधडीत गुंडाळा, शेकोटीजवळ घ्या, पाजा. पण पाच-सहा तास उलटलेलं, मान टाकलेलं कोकरू आधी शेकू नका. त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. ऊब मिळाली की शरीर जागं होतं, साखर मागतं, ती मिळत नाही आणि झटके येऊन कोकरू मरतं. त्याला आधी डॉक्टरांकडून पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब. आणि मान धरता येत नसेल तर तोंडात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

जुळ्यांचं काय? जुनी दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीचा जुळं देणारा गुण दख्खनीत आणला आणि त्यातून सुवर्णा मेंढी तयार झाली. तशी मेंढरं आता कळपांत दिसतात. मोठं काम आहे ते, त्याचा मला अभिमान वाटतो. पण जुळी जन्माला घालणारी मेंढी आणली आणि खुराक एकाचाच ठेवला, तर दोन्ही कोकरं दीड-दीड किलोची होतात आणि दोन्ही जातात. आणखी एक अडचण चालीची आहे. मेंढी पहिलं कोकरू चाटत असतानाच कळप पुढे हलला तर ती एकाला घेऊन पळते, दुसरं मागं राहतं. म्हणून व्यायलेल्या मेंढीला त्याच जागी निदान सहा तास राहू द्या. एक माणूस तिच्यापाशी थांबवा, मागून घोड्यावर घालून आणा. एक दिवस मुक्काम वाढला तर वाढू द्या.

वार दोन ते सहा तासांत पडते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. वजन बांधून ओढायची नाही. पडलेली वार कुत्र्यांना घालू नका, खोल पुरा. गाभडलेल्या, म्हणजे मुदतीआधीच पिल्लू टाकलेल्या मेंढीची वार आणि मेलेलं पिल्लू तर उघड्या हातानं उचलूच नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. गाभडण्यामागे ब्रुसेल्ला या जंतूचा रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. कधी येणारा, कधी जाणारा ताप, घाम, कंबर-सांधे धरणं, असं महिनोन्‌महिने चालतं. असा ताप असेल तर दवाखान्यात आपणहून सांगा, की मी मेंढरांत असते. शहरातल्या डॉक्टरांच्या ते मनातही येत नाही. आणि ज्या ताईला दिवस गेले आहेत तिनं मेंढीचं विणं अजिबात करायचं नाही, व्यायलेल्या मेंढीच्या घाणीला हात लावायचा नाही. हे सासूबाईंनी ऐकावं म्हणून मुद्दाम बोलते. एकीहून अधिक मेंढ्या गाभडल्या तर त्या वेगळ्या ठेवा आणि दवाखान्यात कळवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. नमुना तिथपर्यंत गेला तर कारण कळतं, नाहीतर दरवर्षी तेच.

मुंबई, ठाणे, पनवेलच्या श्रोत्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मेंढरं दिसली की काही जण मायेनं शिळा भात, पोळ्या, लग्नातलं उरलेलं अन्न त्यांच्यापुढे ओततात. कृपा करून असं करू नका. एकदम इतका भात पोटात गेला की मेंढीच्या पोटात आम्ल होतं, रात्रीतून ती आडवी पडते, आणि गाभण असेल तर पोटातलंही जातं. द्यायचंच असेल तर स्वच्छ पाणी द्या. भर उन्हात तेच त्यांना मिळत नाही. दुसरं असं, की अडचणीत सापडलेला मेंढपाळ कधी गाभण मेंढीही विकून टाकतो. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे गाभण जनावर आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली आई कापता येत नाही. घेणाऱ्यांनी ते पाळावं.

एडक्याविषयी थोडंच. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक, दर दोन वर्षांनी बदलायचा, घरच्याच लेकी-बहिणींवर सोडायचा नाही. त्याचं वीर्य तयार व्हायला सात आठवडे लागतात, म्हणून आषाढात मेंढ्या फळायला हव्या असतील तर त्याला वैशाखातल्या उन्हापासून सावलीत ठेवायला लागतं.

जाताना घोड्यावरच्या पिशवीत चार वस्तू टाका. टिंक्चर आयोडीन, थर्मामीटर, चीक पाजायला रबरी बोंडी असलेली बाटली, हातमोजे. आणि १९६२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आपण परक्या तालुक्यात असतो, म्हणून फोन करताना आधी जवळचं गाव आणि तालुका सांगा, मग रस्त्यावरची खूण, आणि मग मेंढी किती वेळ अडली आहे ते. गाडी येईपर्यंत तिला चालवू नका, सावलीत बसवा.

नमस्कार.