वायच्या जागी टी-एक्स : श्रीराम अभ्यंकरांचं गणित

[पडद्यावर : काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा वक्र उमटत जातो. डावीकडे एक फास, मध्ये स्वतःलाच छेद, आणि दोन हात उजवीकडे निघून जातात.]

या वक्राचं समीकरण दहावीतल्या मुलालाही वाचता येईल. वायचा वर्ग बरोबर एक्सचा घन अधिक एक्सचा वर्ग. वक्र सगळीकडे गुळगुळीत आहे, फक्त आरंभबिंदूपाशी तो स्वतःलाच कापतो. तिथे स्पर्शिका एक नाही, दोन निघतात. अशा जागेला गणितात सिंग्युलर बिंदू म्हणतात.

आता वायच्या जागी टी गुणिले एक्स घाला. दोन्ही बाजूंना एक्सचा वर्ग येतो, तो काढून टाका. उरतं काय? टीचा वर्ग बरोबर एक्स अधिक एक. म्हणजे साधा पॅराबोला. सिंग्युलर बिंदूची गाठ सुटली.

गणितज्ञ श्रीराम शंकर अभ्यंकरांचं अर्धं आयुष्य या एका ओळीच्या अदलाबदलीत गेलं असं म्हटलं, तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण थोडीच.

[पडद्यावर : ग्वाल्हेर, मुंबई, हार्वर्ड. जुनी छायाचित्रं.]

जन्म २२ जुलै १९३०, उज्जैनचा. बालपण ग्वाल्हेरात. वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवी घेतली आणि थेट हार्वर्ड गाठलं. तिथे गुरू मिळाले ऑस्कर झारिस्की. बैजिक भूमितीतलं, म्हणजे समीकरणांतून आकारांचा अभ्यास करणाऱ्या शाखेतलं, त्या काळचं फार मोठं नाव.

झारिस्कींनी पृष्ठभागांवरच्या आणि तीन मितींतल्या अशा गाठी सोडवल्या होत्या, पण नेहमीच्या संख्यांच्या जगात. दुसरं एक जग आहे, जिथे कुठली तरी मूळ संख्या शून्यच मानली जाते. ती संख्या दोन असेल तर एक अधिक एक शून्य होतात. या जगात झारिस्कींची हत्यारं चालेनात.

का चालेनात, ते शाळेतल्या गणितानेच कळतं. वर्गसमीकरण सोडवताना आपण पूर्ण वर्ग पद्धत वापरतो. ही युक्ती हजार वर्षांहून जुनी. तिच्यात मधल्या पदाच्या सहगुणकाला दोनने भागावं लागतं. पण दोन म्हणजेच शून्य असेल तर भागणार कशाने? घन समीकरणात हाच घोळ तीनमुळे होतो, पाचव्या घातात पाचमुळे. गाठ सोडवायला लागणारा पहिलाच धागा हातातून निसटतो.

पंचविशीतल्या अभ्यंकरांनी पृष्ठभागांपुरता हा प्रश्न सोडवला आणि त्यावरच १९५५ साली पीएच.डी. मिळवली. तीन मितींचं उत्तर आलं १९६६ साली, मूळ संख्या २, ३ आणि ५ सोडून. दरम्यान, १९६४ साली, झारिस्कींचेच दुसरे विद्यार्थी हेइसुके हिरोनाका यांनी नेहमीच्या संख्यांसाठी सगळ्या मितींतला प्रश्न निकालात काढला. त्यांना १९७० साली फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं.

[पडद्यावर : पर्ड्यू विद्यापीठाचा परिसर, इंडियाना.]

१९६३ पासून अखेरपर्यंत मुक्काम पर्ड्यू विद्यापीठात. बैजिक भूमिती तेव्हा पॅरिसच्या गणितज्ञांच्या वाटेने अधिकाधिक अमूर्त होत चालली होती. अभ्यंकर त्या वाटेने गेले नाहीत. बहुपदी, घातांक श्रेणी, हाताने केलेली आकडेमोड, ज्याला ते हायस्कूलचं बीजगणित म्हणत, त्यातच खोल पाणी आहे, असा त्यांचा हट्ट होता. या हट्टाची किंमतही होती. त्यांचे निबंध चिन्हांनी इतके गच्च भरलेले, की जाणकारही दमतात.

पण संगणकाला बहुपदीच लागते. १९८०च्या दशकात इंजिनिअर यंत्रांचे भाग पडद्यावर रेखाटू लागले. समीकरणावरून एखादा बिंदू वक्रावर किंवा पृष्ठभागावर आहे की नाही हे चटकन कळतं, पण त्यावरचे बिंदू एकामागून एक काढत जायचे तर दुसरं रूप हवं. वक्रासाठी ते असं : टीला किंमत द्या, एक्स आणि वाय मिळवा. आपल्याच वक्रात पाहा. एक्स म्हणजे टीचा वर्ग वजा एक, वाय म्हणजे त्याला टीने गुणून. सिंग्युलर बिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा वक्राला आणखी एकाच ठिकाणी गाठते, म्हणून हे जमतं. १९८७ ते १९८९ या काळात संगणकशास्त्रज्ञ चंद्रजित बजाज यांच्यासोबत अभ्यंकरांनी हे रूप आपोआप काढण्याच्या रीती लेखमालेतून मांडल्या. गाठ सोडवणारी ती जुनी अदलाबदल आता पर्ड्यूच्या संगणक विभागातही कामाला आली. गणिताबरोबर संगणकशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकीचंही प्राध्यापकपद त्यांच्याकडे होतं. असा शुद्ध गणिती विरळाच.

याच सुमारास पॅरिसहून फ्रेंच गणितज्ञ झां-पिएर सेर यांचं पत्र आलं. १९५७ साली अभ्यंकरांनी काही तीन पदी समीकरणं लिहिली होती आणि अशा समीकरणांमागे कोणकोणते गाल्वा ग्रुप, म्हणजे समीकरणाच्या उत्तरांची आपसांत जागा बदलण्याच्या रीतींचे संच, असू शकतात, याचा अंदाज मांडला होता. त्यातल्या एका समीकरणाचा ग्रुप सेर यांनी ओळखला. झालं! साठीला टेकलेले अभ्यंकर नव्याने ग्रुप थिअरी शिकायला बसले. अंदाज १९९४ साली मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी खरा ठरवला. असा ग्रुप असतो एवढ्यावर अभ्यंकरांचं समाधान नव्हतं, त्याचं समीकरण लिहून दाखवा, हा त्यांचा आग्रह. ‘छान ग्रुपांसाठी छान समीकरणं’ अशा अर्थाचं शीर्षकच त्यांनी एका निबंधाला दिलं.

[पडद्यावर : पुणे. भास्कराचार्य प्रतिष्ठान.]

१९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था सुरू केली. पर्ड्यूत त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत अविनाश साठ्ये आहेत, सुधीर घोरपडे आहेत. मराठी मुलखातल्या बैजिक भूमितीचा माग काढत गेलं, की बरेच रस्ते अभ्यंकरांच्या फळ्यापाशी पोचतात.

२ नोव्हेंबर २०१२ रोजी वेस्ट लाफायेतमध्ये त्यांचं निधन झालं. २, ३ आणि ५ ची अडचण त्याआधी काही वर्षं व्हिन्सेंट कोसार आणि ऑलिव्हिए पिल्टां यांनी दूर केली होती. जर्मनीत तयार झालेली ‘सिंग्युलर’ ही मोफत संगणकप्रणाली आज नेहमीच्या संख्यांच्या जगातल्या गाठी सोडवून देते. मूळ संख्येच्या जगात चार मितींपासून पुढे मात्र रीत सापडलेली नाही, माणसालाही नाही.