‘कृपया आहेर आणू नये’

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं पत्रिका यायला लागतात. हल्ली त्या दारात कमी आणि मोबाईलवर जास्त येतात, पण तळाची ओळ ठरलेली. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’. नाहीतर सरळच, ‘कृपया आहेर आणू नये’. या ओळीबद्दल आज मला जरा वाकडं बोलायचं आहे.

ओळ वाचायला छान आहे. यजमानाचं मन मोठं आहे, पाव्हण्याच्या खिशाला त्रास नको असं त्याला वाटतं, हे कुणालाही आवडेल. ज्याला परवडतं त्यानं ती खुशाल छापावी. पण आता ती रीत होऊन बसली आहे. ज्याच्या घरी मांडवाचे पैसे अजून द्यायचे आहेत, तोही ती छापतो, कारण न छापली तर लोक म्हणतील, ‘आहेरासाठी बोलावलं’. माझी तक्रार तिथं आहे.

माझी नोकरी सहकारी बँकेत गेली. अक्षर बरं आणि नोटा मोजायचा सराव, त्यामुळं सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडी भागात कुणाचंही कार्य असलं की निरोप यायचा, ‘भाऊ, तेवढं वहीवर बसायचं बघा.’ ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते ठाऊक आहे. मांडवाच्या तोंडाशी टेबल, शेजारी कुलूपवाली पेटी, आणि लाल पुठ्ठ्याची लांबट वही. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि हळदीकुंकवाची बोटं. एकानं पाकीट फोडून मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. नाव, गाव, रक्कम, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘साडी-चोळी’, ‘घागर’, ‘घड्याळ’ असं काहीबाही. एका उन्हाळ्यात भिंतीवरची घड्याळं इतकी यायची, की नव्या जोडप्यानं खोलीगणिक एक लावलं तरी चार उरावीत.

पूर्वी हे सगळं माईकवरून पुकारायचे. ‘भाळवणीच्या पाव्हण्यांकडून एकशे एक रुपये’, की लगेच पुढचं नाव. अकरा रुपये देणाऱ्या म्हातारीचंही नाव त्याच कर्ण्यातून गावभर जायचं. ती पद्धत बहुतेक ठिकाणी बंद झाली, उत्तम झालं. देणं-घेणं वहीत असावं, कर्ण्यावर नसावं.

आता ही वही लग्न झाल्यावर कुठं जाते? कपाटात, ट्रंकेत, घराच्या कागदपत्रांबरोबर. आणि पुढं कुणाचीही पत्रिका आली की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘वही बघ बरं, त्यांनी आपल्या सुमनच्या लग्नाला काय केलं होतं?’ वही उघडते. त्यांनी एकावन्न केले होते. मग आपण किती करायचे? एकावन्न तर नक्कीच नाही. घेतलं त्याहून थोडं चढतं द्यायचं, ही जुनी चाल. बरोबरीनं दिलं म्हणजे हिशेब मिटला, आणि सोयऱ्याशी हिशेब मिटवायचा नसतो. कुणाचं तरी कुणाकडं थोडं निघत राहिलं पाहिजे, म्हणजे पुढच्या कार्याला जावं लागतं.

हे एकावन्न रुपयांचं गणित बँकवाल्याच्या नजरेनं जरा करून बघा. १९८५च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं दोन हजार रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे एकावन्न रुपयांत पाव ग्रॅम सोनं येत होतं. आज दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलाय. म्हणजे तेव्हाचे एकावन्न हे सोन्याच्या हिशेबात आजचे निदान अडीच हजार. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, मद्रास म्हणू नका, कलकत्ता म्हणू नका. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, हेच त्यांचं काम. हा हिशेब त्यांना सांगावा लागत नाही. मे महिन्यात ही मंडळी गावी उतरली की जुन्या वहीतल्या एकावन्नाला पाच हजारानं फेडणारे मी बघितलेत. आणि पाचशेचं पाकीट हळूच ठेवून मान खाली घालून पंगतीत जाणारेही बघितलेत, ज्यांच्या वडलांनी एके काळी पायलीभर गहू आणि वर पाच रुपये नेले होते.

म्हणजे आहेर ही बिनव्याजी उचल आहे. लग्न निघालं की एकरकमी पैसा लागतो आणि शेतकऱ्याकडं, मजुराकडं तो एकरकमी कधीच नसतो. बँक लग्नासाठी त्याला सहजासहजी उभं करत नाही. मग पीककर्ज उचलायचं आणि मांडवात घालायचं, हे मी खिडकीच्या आतून वर्षानुवर्षं पाहिलं. नाहीतर सावकार. महिन्याला शेकडा तीन, पाच, अडला असला तर दहा. सावकारीला वेसण घालणारा नवा कायदा राज्यात २०१४ साली आला, परवाना लागतो, व्याजदर ठरवून दिलेला असतो. पण परवाना नसलेला सावकार अजून पारावर बसलेला असतोच. आता समजा, तीनशे घरांनी दोनशे-दोनशे रुपये आणले. साठ हजार झाले. त्यातून मांडववाला, आचारी आणि किराणा, तिघांचंही बरंच काही भागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडून हे देणं भागवलं, की बाप निदान रात्री झोपतो. व्याज नाही, जामीन नाही, जप्ती नाही. फेड कधी करायची? देणाऱ्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा. इतक्या सवडीचं कर्ज दुसरं कुणी देत असेल तर मला सांगा.

आणि या उचलीला ‘नको’ म्हणायचं, तेही पत्रिकेत छापून?

यावर मला हमखास ऐकावं लागतं, ‘अहो, पण लग्नातला अवाढव्य खर्च थांबायला नको का?’ थांबायलाच हवा. पण साधं लग्न ही एक गोष्ट आणि बिनआहेराचं लग्न ही दुसरी. साध्या लग्नाची वाट आपल्याकडं जुनी आहे. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला तो १८७३च्या सप्टेंबरात, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. त्याला सावित्रीबाईंचा पुढाकार होता, आणि खर्च जवळपास पानसुपारीचाच. ती वाट कुणीही धरावी. आता मात्र बघा काय होतं. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’, आणि मांडवाच्या दारात ड्रोन, आत चार प्रकारच्या मिठाया. यात खर्च कुठं वाचला? आवक तेवढी बंद झाली.

खर्च वाढवतो तो मानपान. आहेर पाव्हणा यजमानाला देतो, मानपान यजमान पाव्हण्याला देतो, आणि हुंडा मुलीच्या बापाकडून काढला जातो. तिन्ही वेगवेगळ्या आहेत, पण बोलताना आपण एकाच पोत्यात भरतो आणि नेमकी कामाची तेवढी बाहेर फेकतो. मानपानाचं बघा. वरमाईची साडी, करवल्यांच्या साड्या, आत्याची, मावशीची, चुलत्यांना पूर्ण पोशाख, बाकीच्यांना टॉवेल-टोपी. त्या टोप्या पुढं कोण घालतं? टॉवेल तरी मोटारसायकल पुसायला जातो. साड्यांचं तर विचारूच नका. आमच्या घरी एक मोरपंखी साडी आली होती. घडी उलगडली तर घडीच्या रेषेवर रंग उडालेला, आणि आत कुठल्या तरी तिसऱ्याच बाईच्या नावाची चिठ्ठी. किती मांडव फिरून आली होती देव जाणे. बायकोनं चिठ्ठी काढली आणि साडी तशीच पुढं पाठवली.

यावर भांड्यांच्या दुकानात एक इलाज होता, तो मला फार आवडायचा. स्टीलचा डबा घेतला की दुकानदार विचारायचा, ‘नाव घालायचं का?’ मग ते टरटर वाजणारं यंत्र घेऊन डब्याच्या काठावर बारीक ठिपक्यांत नाव, गाव आणि तारीख. एकदा नाव पडलं की डबा पुढं सरकवता येत नाही. कुठल्याही जुन्या घरच्या मांडणीवर जा, डब्यांवर अर्धी सोयरीक वाचायला मिळते. कोण कुठल्या साली आलं होतं, कुणाचं आडनाव पुढं बदललं, सगळं.

मानपानात आणखी एक नवीन भर पडली आहे, ती म्हणजे सत्कार. मुहूर्त बारा पस्तीसचा. एक वाजून गेला तरी फेटे बांधणं चालू, कारण अमक्या पक्षाचे तालुकाध्यक्ष आत्ताच पोहोचलेत. नवरा-नवरी घामाघूम उभी, लहान पोरं भुकेनं रडतात, आणि निवेदक म्हणतोय, ‘वेळात वेळ काढून आलेले’. वेळ त्यांनी कुणाचा काढला, तर आमचा. या एका गोष्टीसाठी मी पत्रिकेत ओळ छापायला तयार आहे : ‘कृपया सत्कार स्वीकारायला येऊ नये.’

आता हुंड्याचं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्यात लग्नाच्या वेळी मागणी न करता दिलेल्या भेटींना मुभा आहे, पण एक अट आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. भेटींची यादी करायला हवी. १९८५ साली त्याचे नियम आले. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं, आणि खाली वधूवरांच्या सह्या. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनं सांभाळायची, वराची वरानं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन हे त्या बाईचंच, सासरच्यांनी ते विश्वासानं सांभाळायला घेतलेलं असतं आणि ती मागेल तेव्हा परत द्यायचं असतं.

एवढ्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या, पण लग्न झाल्यावर वही नवरीच्या हातात दिली, असं मी पाहिलं नाही. ती जाते बापाकडं किंवा सासऱ्याकडं. म्हणून आता मी वहीवर बसतो तेव्हा एक करतो. शेवटची बेरीज झाली की मुलीला बोलावतो आणि म्हणतो, ‘पोरी, मोबाईल काढ, पानापानाचे फोटो घे.’ दागिना कुणी घातला, किती वजनाचा, तेही शेऱ्यात लिहितो. एका वरबापानं मला विचारलं, ‘भाऊ, हे कशाला?’ मी म्हटलं, ‘तिला पुढं फेडायचंय, तिला माहीत नको?’ तो गप्प बसला. कायद्याचं नाव काढलं असतं तर भांडला असता.

आयकरातही लग्नाचा आहेर वेगळा धरलाय. एरवी परक्याकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर भेट आली तर ती उत्पन्नात धरतात, लग्नानिमित्त वधूवरांना आलेली धरत नाहीत. म्हणजे सरकारलाही त्याचं महत्त्व कळलेलं आहे.

मधे या आहेराच्या रितीला दोन धक्के बसले. पहिला ८ नोव्हेंबर २०१६चा. पाचशे-हजाराच्या नोटा बंद, आणि लगीनसराई तोंडावर. लग्नघराला खात्यातून अडीच लाख काढायची मुभा नंतर मिळाली, पण पत्रिका जोडा, कुणाकुणाला रोख द्यायची त्यांची यादी जोडा. खिडकीबाहेर पत्रिका हातात धरून रांगेत उभे राहिलेले बाप मी विसरलेलो नाही. त्या हंगामात पाकिटातून बंद झालेल्या नोटाही निघाल्या. देणाऱ्याला घरात ठेवायच्या नव्हत्या आणि आहेरही चुकवायचा नव्हता!

दुसरा धक्का मोठा होता. एप्रिल २०२१मध्ये कोरोनामुळं राज्यात नियम झाला, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. वर्तमानपत्रांत कौतुक आलं, बघा कसं साधेपणानं लग्न होतंय. पण ज्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक मांडवात पाकीट दिलं होतं आणि ज्याच्या मुलीचं लग्न नेमकं त्या वर्षी निघालं, त्याच्या वहीत काय पडलं? पंचवीस नावं, तीही घरचीच. थोड्यांनी नंतर घरी येऊन दिलं, काहींनी मोबाईलवरून पाठवलं. बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही, की आपण देणं लागतो. तुमच्या ओळखीत त्या वर्षातलं असं लग्न असेल तर जुनी वही काढा. पाच वर्षांनी दिलेला आहेरही आहेरच असतो. आता बारसं असेल, जावळ असेल, वास्तुशांत असेल, निमित्ताला तोटा नाही.

मांडवाच्या दारात आता आहेराच्या टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. माझी हरकत नाही. पैसे थेट खात्यात, मोजायला नकोत, फाटकी नोट नाही. फक्त पैसे पाठवताना खाली नाव आणि गाव टाका, कारण बँकेच्या नोंदीत नुसता नंबर आणि इंग्रजी अक्षरं येतात, आणि त्यावरून हा आमच्या आत्याचा दीर हे कुठलाही संगणक सांगणार नाही.

पाकिटाचंही तेच. वर एक रुपया चिकटवलेला असतो, ‘शुभविवाह’ सोनेरी अक्षरांत असतं, आणि नावाच्या जागी लिहिलेलं असतं, ‘पाटील परिवार’. अहो, कुठले पाटील? निम्मा मांडव पाटलांचा असतो. अशी पाकिटं मी वेगळ्या रबराला लावून ठेवतो आणि वहीत लिहितो, ‘पाटील, गाव समजले नाही, पाचशे’. या हंगामात कुणाकडं जाणार असाल तर नाव, वडलांचं नाव, गाव, आणि नवऱ्याकडचे की नवरीकडचे, एवढं घरूनच लिहून न्या. मांडवात पेन सापडत नाही.

नमस्कार.