घरं मोजू नका, जमीन आखा

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘सार्वजनिक घरबांधणी आणि जमिनीचं नियोजन’. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर विषयात खरंच रस आहे, नाहीतर घरी लाईट गेलीय. (हशा) माझं म्हणणं थोडक्यात असं की, सरकारने घरं बांधायच्या भानगडीत पडू नये, जमीन आखून द्यावी. ते शेवटी पटवून देतो. आधी बीडीडी चाळीत एक चक्कर मारून येऊ.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. दरवेळी कुणीतरी उठून म्हणतं, ‘बाबासाहेब तिथेच राहायचे ना?’ नाही. ते परळच्या बीआयटी चाळीत. बीआयटी म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, प्लेगनंतर १८९८ मध्ये निघालेला. बीडीडी १९२० मधलं, गव्हर्नर लॉईडसाहेबांचं. या साहेबांना दोन वेडं होती: बॅकबेचा समुद्र बुजवणं आणि गिरणी कामगारांना घरं देणं. समुद्राच्या कामातला घोळ वीर नरीमन यांनी चव्हाट्यावर आणला. आणि आपण काय केलं? त्याच भरावाच्या एका टोकाला त्यांचंच नाव दिलं! (हशा) असो, तो माझा विषय नाही.

तर संकल्प होता आठ वर्षांत ५० हजार खोल्यांचा. पैसा उभारला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड) आणि शिवडी मिळून उभ्या राहिल्या २०७ चाळी. तळमजला अधिक तीन, एका चाळीत ८० खोल्या. आता गुणाकार करा. करा की, डोंबिवलीकर आहात, सगळे बँकेतले. सोळा हजार पाचशे साठ! ५० हजारांच्या घोषणेचं हे एक तृतीयांश. घोषणा आणि बांधकाम यांचं हे प्रमाण तेव्हापासून आपण निष्ठेने सांभाळलंय.

माझी आत्या नायगावच्या चाळीत राहायची. खोली १६० चौरस फूट. कोपऱ्यात मोरी, मोरीच्या कठड्यावर पाण्याचा हंडा, वर पोटमाळा, संडास सगळ्या मजल्याला मिळून. भिंती काँक्रीटच्या. तिथे खिळा ठोकणं हा एक सोहळाच असायचा. काका हातोडा घेऊन स्टुलावर, खाली आम्ही पोरं, आणि खिळा वाकून टण्णकन मोरीत. गणपतीच्या मखराला आधार म्हणून शेवटी दोरी खिडकीच्या गजाला बांधायची. घरात तुम्हाला बदलता येईल असं काहीच नाही, हे मला नियोजनाच्या पुस्तकात वाचण्याआधी त्या खिळ्याने शिकवलं.

आणि गंमत पुढेच आहे. चाळी बांधून झाल्या, तर राहायला माणसं येईनात! वरळी तेव्हा एका टोकाला, बाजार लांब, खोल्या अंधाऱ्या, भाडं जड. हजारो खोल्या रिकाम्या. मग कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. भाडेकरू मिळेनात म्हणून सरकारने सत्याग्रही आणून ठेवले असं मी म्हणतो. इतिहासाचे प्राध्यापक बसलेत समोर, ते मान हलवतायत, पण मला ती होकाराची वाटते. (हशा)

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदच आहे, उपरोध नाही. त्या माणसांनी शंभर वर्षं काढली तिथे. पण हे मोफत घर निघालं कशातून? मोक्याच्या जमिनीतून. त्याच आवारात विक्रीचे मनोरे उभे राहणार आणि ते पुनर्वसनाचा खर्च भरून काढणार. जिथे जागेला सोन्याचा भाव नाही तिथे हे गणित बसत नाही. नालासोपाऱ्यात बसवून दाखवा.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. मुद्दा अजून सुरूच व्हायचाय.

तर चारकोप. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. त्यात चारकोप, गोराईला सरकारने घर न देता भूखंड दिला. रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून छोटे छोटे तुकडे पाडले. साधारण ३५ भूखंड एका चौकाभोवती, त्यांची एक सोसायटी. मोठे भूखंड आणि दुकानांच्या जागा बाजारभावाने विकून छोट्यांचा भार उचलला. लोकांनी पत्र्याने सुरुवात केली, बोनस मिळाला तशी भिंत, मुलाचं लग्न ठरलं तसा वरचा मजला. आज जाऊन बघा, तिथे खिळा ठोकायला कुणाला त्रास नाही.

लगेच हरकत येते की जमीन आणायची कुठून? नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची. तत्त्व सोपं: शेतजमीन घ्या, विकसित करा, विका, त्याच पैशातून पुढचं शहर उभारा. कागदावर सुंदर, पण ९५ गावांच्या शेतकऱ्याला वाढलेल्या किमतीत वाटा नव्हता. १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी लढा लावून धरला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. मी म्हणतो, हा वाटा भांडून का मिळावा? आपल्याकडे १९१५ पासून नगररचना योजनेचा कायदा आहे. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते, शाळा, मैदानं काढायची, उरलेली नव्याने आखून मूळ मालकांना परत. गुजरातने तो मनापासून वापरला, आपण वांद्रे-सांताक्रूझ बांधून कपाटात ठेवला. आता पनवेलकडे ‘नैना’त, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित भागात, बाहेर काढलाय. त्या प्रत्येक योजनेत ३०-४० चौरस मीटरचे भूखंड कायद्याने राखून ठेवा, भाडेपट्ट्याने द्या, आणि वर किती मजले हे कुटुंबावर सोडा. विक्रीवर बंदी किती वर्षं, त्यावर वाद घालू, पाच म्हणा, दहा म्हणा.

अध्यक्ष उभेच राहिलेत. प्रश्न जरूर विचारा, फक्त म्हाडाची लॉटरी कधी निघणार हा सोडून.